विकला न गेलेला तास

विवाहयोग्य मुलामुलींच्या परिचयपत्रात ‘व्यवसाय’ या रकान्यापुढे अलीकडे एक नवे उत्तर अधूनमधून वाचावयास मिळते – ‘स्पोर्ट्स स्टार्टअपमध्ये नोकरी’. कापड, किराणा, सराफी, आडत, औषधविक्री, सनदी लेखापाल, संगणक अभियंता ही उत्तरे आपल्या घरांच्या परिचयाची आहेत. ती वाचताच मुलाची मिळकत, त्याचा दिनक्रम आणि पुढील वीस वर्षे यांचा ढोबळ अंदाज वडीलधाऱ्यांच्या मनात तयार होतो. या नव्या उत्तरापाशी मात्र मंडळी थबकतात. खेळ हा का व्यवसाय झाला? आणि झालाच असेल, तर तो सट्ट्याचा तर नव्हे ना?

ही शंका अगदीच निराधार नाही. खेळाची कंपनी म्हटले की पुष्कळांना प्रथम आठवते ती ‘ड्रीम इलेव्हन’. हर्ष जैन आणि भावित शेठ यांनी २००८ साली मुंबईत सुरू केलेल्या या कंपनीने काल्पनिक संघ निवडण्याचा खेळ घराघरांत नेला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत केला आणि कंपनीला आपल्या सशुल्क स्पर्धा थांबवाव्या लागल्या. त्या व्यवसायाच्या योग्यायोग्यतेची चर्चा येथे करावयाची नाही. आपला आजचा विषय त्याहून कितीतरी लहान आहे आणि तो पडद्यावर नव्हे, मैदानावर घडतो. मैदान तासाच्या हिशेबाने मिळवून देणे, खेळू इच्छिणाऱ्या अनोळखी माणसांची गाठ घालून देणे, रविवारी हौशी संघांचे सामने भरविणे, एवढाच हा धंदा. बंगळुरूची २०१५ मध्ये निघालेली ‘प्लेओ’ मैदान व खेळगडी शोधून देते. अहमदाबादची ‘क्रिकहीरोज’ गल्लीतल्या सामन्याचाही धावफलक मोबाइलवर मांडून देते. ही दोन्ही नावे आता देशभर पोहोचली आहेत. पण याच स्वरूपाचे काम करणारी, पाच-दहा माणसांच्या बळावर चालणारी लहान दुकाने शहरोशहरी आहेत. दुकाने हा शब्द मी जाणीवपूर्वक वापरतो.

राजूरच्या शाळेत शिकलेला आमच्या परिचयातील एक तरुण पुण्यातील अशाच सात-आठ जणांच्या कंपनीत काम करतो. गेल्या दिवाळीत तो गावी आला, तेव्हा त्याच्या आजीने सर्वांच्या मनातला प्रश्न सरळ विचारला – “अरे, खेळायलाही कुणी पैसे देतं का?”

आजींचा प्रश्न राजूरमध्ये बसून विचारला, तर अगदी रास्त आहे. जालना-भोकरदन रस्त्यावरचे हे गणपतीचे गाव. अंगारकी चतुर्थीला दूरदूरहून पायी येणाऱ्या भाविकांनी रस्ते फुलून जातात. एरवी बाजाराचा दिवस सोडला तर गाव शांत. येथे खेळण्यासाठी कधी कोणी पैसे मोजले नाहीत. मका-कापूस निघाला की रान मोकळे होते, तीन विटा किंवा एखादे खोके यष्टी म्हणून उभे राहते, चेंडू वर्गणीतून येतो आणि बॅट ज्याची, त्याचा निर्णय अंतिम असतो. गडी कमी पडले तर शेळ्या राखणाऱ्या पोरालाही सीमेवर उभे केले जाते. मैदान आहे, वेळ आहे आणि मुख्य म्हणजे सोबती आहेत.

पुण्यात यातले एकही सहज मिळत नाही. मोकळी जागा इमारतींनी व्यापली, हे सर्वांना दिसते. त्याहून मोठी उणीव सोबत्यांची आहे, ती सहजी दिसत नाही. नोकरीनिमित्त शहरात आलेल्या सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या मुलाला कार्यालयात सहकारी असतात, भाड्याच्या खोलीत जोडीदार असतात. परंतु बुधवारी संध्याकाळी फुटबॉल खेळायला तेरा माणसे कोठून आणावयाची? ही तेरा माणसे जमवून देणे हाच या कंपन्यांचा खरा माल. मैदान तर कोणीही भाड्याने देईल.

आपल्या व्यापारी वाचकांना या मालाचा स्वभाव चटकन उमगेल. भोकरदन तालुक्यातील पिंपळगाव रेणुकाईचा हिरव्या मिरचीचा बाजार सर्वांना ठाऊक आहे. तोडलेली मिरची त्याच दिवशी विकली जाऊन रात्रीच्या गाडीला लागली पाहिजे. उशीर झाला की भाव पडतो. तरीही मिरचीला एक दुसरे आयुष्य असते – न खपलेली वाळवता येते. मैदानाच्या तासाला ते नाही. मंगळवारी दुपारी तीन ते चार हा तास विकला गेला नाही, तर तो कोणत्याही गोदामात ठेवता येत नाही आणि बुधवारी निम्म्या भावातही काढता येत नाही. उलट संध्याकाळी सात ते नऊ या वेळेसाठी चार-चार गट भांडत असतात. एकाच मैदानाचे काही तास सोन्याचे आणि काही मातीचे! या मातीच्या तासांना गिऱ्हाईक शोधणे – शाळांच्या सहली, निवृत्तांचे गट, दुपारपाळीचे कामगार – यात त्या तरुणाचा निम्मा दिवस जातो. त्याच्या नेमणूकपत्रावर ‘समुदाय व्यवस्थापक’ असे भारदस्त पद आहे. आमच्या भाषेत त्याला वसुलीसह उठाठेव म्हणतात.

थोडा हिशेब मांडून पाहू. आकडे उदाहरणादाखल आहेत, पण प्रमाण खरे आहे. समजा मैदानाचे भाडे तासाला १,२०० रुपये. सात विरुद्ध सात असे १४ खेळाडू, प्रत्येकी १०० रुपये. जमा १,४००, शिल्लक २००. या २०० रुपयांत चेंडू, दोन रंगांच्या जाळीदार बंड्या व त्यांची धुलाई, पट्ट्या-बर्फ, जाहिरात आणि माणसांचा पगार. दोघांनी ऐनवेळी ‘येऊ शकत नाही’ असे कळविले आणि त्यांना पैसे परत करावे लागले की शिल्लक शून्य. तिसऱ्यानेही तसेच केले तर कंपनीने आपल्या खिशातून भाडे भरून लोकांना खेळवले, असा अर्थ होतो.

म्हणून या कामातील सर्वांत कठीण क्षण तेरा जण जमलेले असताना चौदावा न आल्याचा असतो. तेरांनी पैसे भरले आहेत, बूट बांधले आहेत, घड्याळ पुढे सरकते आहे. फोनमागून फोन होतात. अखेर कार्यालयातून आलेला हा मुलगा स्वतःच गोलरक्षक म्हणून उभा राहतो. सुरुवातीला त्याला ही चैन वाटली होती, खेळायचा पगार मिळतो म्हणून! महिन्याभरात त्याला उमगले, की आपण खेळत नाही, रिकामी जागा भरतो आहोत. गोलजाळीपुढे उभे असताना त्याचे एक लक्ष चेंडूवर असते आणि दुसरे खिशातल्या मोबाइलवर. पुढच्या तासाचा गट दारात येऊन उभा असतो आणि आधीच्यांना ‘फक्त पाच मिनिटे’ हवी असतात. ज्याला खेळाची आवड म्हणून या व्यवसायात यायचे आहे, त्याने ही गोष्ट आधीच जाणून घ्यावी. मिठाईच्या दुकानात काम करणाऱ्याची गोडाची वासना मरते, तसे काहीसे येथेही घडते.

भांडणे तर रोजची. बॉक्स क्रिकेटमध्ये छताच्या जाळीला लागलेला चेंडू झेलला तर बाद की नाही, यावरून सुशिक्षित, चांगल्या हुद्द्यावरची माणसे हमरीतुमरीवर येतात. प्रत्येक मैदानाचे नियम निराळे, म्हणून ते लिहून दारावर लावायचे. तरी कोणी वाचत नाही. हा तरुण सांगत होता, की पैशाच्या वादापेक्षा मानाचा वाद मिटवणे अवघड. त्यावर त्याने काढलेला उपाय मला आवडला. वाद सुरू झाला की तो दोन्ही बाजूंना पाणी देतो आणि घड्याळ दाखवतो. विकत घेतलेला तास भांडणात जातो आहे, हे ध्यानात येताच बहुतेक जण शांत होतात. आडतीवर बसलेल्या आजोबांकडून आलेला हा गुण असावा.

आपल्या घरांच्या दृष्टीने खरा पेच वेळेचा आहे. सगळे जग ज्या वेळी मोकळे होते, त्या वेळी या माणसांचे काम सुरू होते. संध्याकाळी सहा ते रात्री अकरा हा भर, शनिवार-रविवार तर विचारूच नये. सूर्यास्तापूर्वी भोजन करणाऱ्या घरातून आलेल्या मुलाने काय करावे? या मुलाने साडेपाचला डबा खाण्याची वेळ ठरवून घेतली आणि ती कंपनीत सर्वांना सांगून टाकली. प्रारंभी थट्टा झाली. पुढे त्या अर्ध्या तासात त्याला फोन करायचा नाही, हा तेथील अलिखित नियम झाला. रात्री परतल्यावर पाणीही घेत नाही, म्हणून आईला काळजी वाटते ती निराळीच. अशा नोकऱ्यांत आपले आचार पाळता येतात का, असे विचारणाऱ्यांना माझे उत्तर असे, की पाळता येतात. मात्र पहिल्या आठवड्यातच स्पष्ट बोलावे लागते. सहा महिने गप्प राहून मग सवलत मागितली, तर ती सबब वाटते.

दुसरा प्रश्न त्याच्या आईने विचारला, तो माझ्याही मनात आला नव्हता. मैदानावरच्या मोठ्या दिव्यांभोवती पावसाळ्यात पतंग आणि पंख फुटलेली वाळवी थव्याथव्यांनी येते. सकाळी झाडलोट करणाऱ्याला ती ढिगाने गोळा करावी लागते. तिने मुलाला विचारले, “हे तुझ्या पगारात मोजायचं का?” पांढऱ्या-निळसर प्रकाशापेक्षा पिवळसर प्रकाशाकडे कीटक कमी आकृष्ट होतात, ही गोष्ट शास्त्रज्ञांच्या निरीक्षणास आलेली आहे. त्याने पिवळे दिवे सुचवून पाहिले. मैदानमालक तयार झाला नाही. पिवळ्या उजेडात चेंडू नीट दिसत नाही, अशी खेळाडूंची तक्रार येईल, हे त्याचे म्हणणे. अखेर एक गोष्ट मान्य झाली. जो तास विकला गेला नाही, त्या तासात दिवे पूर्ण बंद ठेवायचे. पूर्वी मैदान चालू दिसावे म्हणून ते लावून ठेवीत असत. वीजबिल थोडे उतरले, म्हणून मालकही खूश. आईचे समाधान पूर्ण झाले असे म्हणवत नाही.

खेळासाठी संस्था उभारणे महाराष्ट्राला नवे नाही, हेही सांगितले पाहिजे. पुण्याचे डेक्कन जिमखाना १९०६ साली सुरू झाले. खो-खोचे नियम लेखी स्वरूपात बांधण्याचे आरंभीचे काम तेथे झाले. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये स्थापिले आणि त्याच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी कबड्डीसह भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखविली. या संस्था वर्गणी, देणग्या आणि वेतनाविना राबणाऱ्या कार्यकर्त्यांवर उभ्या राहिल्या. सभासद एकदा झाला की आयुष्यभराचा. आजचा खेळाडू तासाचा सभासद आहे; तास संपला की नाते संपले. हे अधःपतन आहे असे म्हणण्याचा मोह होतो, पण मला ते तितके खरे वाटत नाही. जिमखान्यात प्रवेशासाठी ओळख लागे, शिफारस लागे. राजूरहून नुकत्याच आलेल्या मुलाला आज शंभर रुपये आणि मोबाइल पुरतो. त्याचे आडनाव, गाव, शिक्षण कोणी विचारीत नाही.

शिवाय प्रेमाने केलेले काम आणि पैशाने केलेले काम यांची सीमा दिसते तितकी पक्की नसते. पिकलबॉल या खेळाचे उदाहरण पाहा. बॅडमिंटन, टेनिस आणि टेबल टेनिस यांचे मिश्रण असलेला हा खेळ १९६५ साली अमेरिकेतील बेनब्रिज बेटावर तीन मित्रांनी सुटीत मुलांच्या करमणुकीसाठी रचला. मुंबईच्या सुनील वालावलकर यांनी तो भारतात आणला आणि २००८ मध्ये त्याची अखिल भारतीय संघटना स्थापन झाली. त्यानंतर कित्येक वर्षे या खेळाचे नाव सांगितले तर लोक लोणच्याविषयी बोलत आहात काय असे विचारीत. आज शहरांत त्याच्या कोर्टांसाठी रांगा लागतात. कारणांपैकी एक अगदी व्यापारी आहे. त्याचे कोर्ट ४४ फूट लांब व २० फूट रुंद, म्हणजे बॅडमिंटनच्या दुहेरी कोर्टाएवढेच. टेनिसच्या एका कोर्टाच्या जागेत अशी चार बसतात. जेथे चार माणसे खेळत, तेथे सोळा खेळतात. ज्यांनी पहिली बारा-पंधरा वर्षे पदरमोड करून हा खेळ जगवला, त्यांच्या कष्टांवर आताच्या कंपन्यांचे तास विकले जातात, हे या क्षेत्रात काम करणाऱ्या तरुणांनी लक्षात ठेवलेले बरे.

आता मिळकतीविषयी. लहान कंपनीतील पगार त्याच शिक्षणाच्या इतर नोकऱ्यांपेक्षा बहुधा कमी असतो आणि त्या बदल्यात पुढे कंपनीत हिस्सा देण्याचे आश्वासन असते. हे आश्वासन लेखी आहे का, किती वर्षांनी प्रत्यक्षात येणार, मध्येच नोकरी सोडल्यास काय, हे वडिलांनी नव्हे तर मुलानेच विचारले पाहिजे. वीसपेक्षा कमी कर्मचारी असलेल्या आस्थापनेला भविष्यनिर्वाह निधीची सक्ती नसते. तेव्हा बचत आपली आपणच करावी लागते. आरोग्य विमाही स्वतःचा असावा. आणि एक ध्यानात ठेवावे – मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली, तेव्हा किराणा दुकाने चालू होती, औषधांची चालू होती. मैदाने मात्र एका दिवसात कुलूपबंद झाली आणि पुढे कित्येक महिने या कंपन्यांची आवक शून्यावर होती. लोकांच्या हौसेवर चालणारा धंदा संकटात सर्वांत आधी थांबतो. ज्या घरावर कर्ज आहे, त्या घरातील एकुलत्या कमावत्या मुलाने या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्याच्या मागे घरचे दुकान उभे आहे, त्याने दोन-तीन वर्षे अवश्य जावे. गिऱ्हाईक, वसुली, तंटा, जाहिरात आणि पावसाचा अंदाज हे सर्व एकाच ठिकाणी शिकण्याची इतकी चांगली शाळा दुसरी क्वचितच सापडेल.

या तरुणाच्या मनात राजूरला टर्फ उभारावे असेही आहे. जालना आणि छत्रपती संभाजीनगर येथे अशी मैदाने आहेतच. गावाकडे का नको? आम्ही दोघांनी बसून कागदावर हिशेब केला. समजा जाळी, दिवे, कृत्रिम गवत यांसह १५ लाख रुपये लागले आणि गवत-जाळी सहा वर्षे टिकली. म्हणजे वर्षाला अडीच लाख, दिवसाला सुमारे ६८५ रुपये. गावात तासाला ४०० पेक्षा अधिक कोणी देणार नाही. म्हणजे रोजचे पावणेदोन तास केवळ झीज भरून काढण्यात गेले. वीज, राखणदार, दुरुस्ती यांसाठी आणखी दोन तास धरा. समोर फुकट रान पडलेले असताना रोज चार तास कोण घेईल? मराठवाड्याच्या उन्हाळ्यात कृत्रिम गवत दुपारी इतके तापते, की त्यावर पाय ठरत नाही. ते सगळे तास आधीच वजा. एवढे मात्र खरे, की या गवताला पाणी लागत नाही आणि २०१२-१३ चा दुष्काळ पाहिलेल्या जिल्ह्यात ही गोष्ट लहान नव्हे.

मी कागद बाजूला सारणार होतो. तेव्हा त्याने वर्षाचे बारा महिने ओळीने लिहिले आणि जून ते ऑक्टोबर यांभोवती रेघ ओढली. शहरात पावसाने गिऱ्हाईक घटते. गावात उलट – याच महिन्यांत रानात पिके उभी असतात आणि उरलेल्या मोकळ्या जागेत काळ्या मातीचा चिखल पाय धरून ठेवतो; फुकट मैदान मुळी नसतेच. पोरे पाच महिने कोठे खेळतात? कोठेच नाही. शिवाय रानातल्या क्रिकेटमध्ये मुली कधीच नव्हत्या. चारी बाजूंनी जाळी, बंद दार आणि सकाळी सहा ते आठ फक्त मुली-महिलांसाठी राखून ठेवले, तर शाळकरी मुलींचे पालक आणि चालायला जागा शोधणाऱ्या स्त्रिया येतील, असा त्याचा तर्क. त्याच्या आजींनी ऐकता ऐकता विचारले, “सकाळचा दर काय ठेवशील?” त्याने अडीचशे म्हटले, त्या म्हणाल्या, “दोनशे ठेव, पण महिन्याचे आगाऊ घे.”

आता वीजजोडणीच्या खर्चाचा आकडा यावयाचा आहे. तो आल्यावर कागद पुन्हा मांडायचा, असे ठरले आहे.